पाव्हण्याला गाडीवर घेऊ नका

माणसाने पळायचा आणि मोटारसायकलचा असे दोन छंद एका वेळी बाळगू नयेत. पळायला निघालं की लोक विचारतात, "गाडी असताना पळता कशाला?" आणि गाडी काढली की ती तिसऱ्या किलोमीटरला बंद पडते आणि न बोलता तेच विचारते, "पाय असताना मला कशाला?"

मला हे दोन्ही छंद चाळिशीनंतर लागले. पळणं लागलं ते डॉक्टरांनी माझ्या पोटावर बोट ठेवून "हे काय?" असं विचारल्यामुळे. मोटारसायकल लागली ती ऑफिसातल्या एका निवृत्त होणाऱ्या गृहस्थांनी "फक्त रविवारी वापरलीय हो" असं डोळ्यांत पाणी आणून सांगितल्यामुळे. ती टू-स्ट्रोक होती. पेट्रोल भरताना त्यात आठवणीने ऑइल घालावं लागे, नाहीतर इंजिन जाम. गृहस्थांनी हे मला तीन वेळा सांगितलं. मी तिन्ही वेळा "एवढं कळतं हो मला" म्हणालो.

आम्ही तेव्हा आसनगावला राहायचो. तिथे पहाटे पळायचे माझे हाल कुणाला सांगून पटत नाहीत. स्टेशनच्या रस्त्यावर पहाटे पाचला पळणारा माणूस दिसला की आसनगावकराला एकच अर्थ कळतो: गाडी लागली! मी आपला हृदयासाठी पळतोय आणि मागून डबा सावरत, चपला फटफटवत आठ-दहा माणसं सुटली आहेत. एकदा एक गृहस्थ जिना चढून, धापा टाकत फलाटावर पोचले तर फलाट मोकळा. गाडीला अजून वीस मिनिटं होती. ते परत खाली आले, मला शोधून काढलं आणि म्हणाले, "लाज नाही वाटत? आमचा पास काय जास्त झालाय?" पासाचा काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण चुकलं कोण, तर मी!

माझ्याबरोबर कल्याणच्या गोदामात काशिनाथ होता. आठवडाभर कल्याणला खोलीवर राहायचा आणि शनिवारी सिद्धगडाच्या पायथ्याला, करंजवाडीला आपल्या घरी जायचा. त्याने माझी ही कहाणी ऐकली आणि म्हणाला, "दळवीभाऊ, आमच्याकडं या. रस्ता मोकळा. दिवसाला चार गाड्या. पळा किती पळायचं ते, कोन तुमाला इचारनार नाय."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

शनिवार

होळी होऊन आठवडा झाला होता. मी आणि काशिनाथने सोमवारची रजा टाकली होती. आसनगावहून निघून शहापूर, किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचलो तोवर धुळीने माझ्या मिशा पिकल्या होत्या. खड्ड्यांविषयी लिहीत नाही. एकदा लिहायला बसलो तर सिद्धगड राहून जाईल. पण मुरबाड सोडल्यावर सह्याद्रीची भिंत समोर उभी राहिली आणि तिच्या पुढ्यात सिद्धगड असा काही वेगळा येऊन बसलेला दिसला की मी गाडी थांबवली. रागावलेला माणूस घरच्यांपासून जरा पुढे सरकून बसतो ना, तसा. पळसाला पानं नव्हती, नुसती फुलं. मला उगाचच आपण मोठे प्रवासी असल्यासारखं वाटलं. गाडी पुन्हा सुरू करायला अठरा किका लागल्या, तेव्हा ते वाटणं गेलं.

मुरबाडच्या वाटेवरच्या नाक्याहून करंजवाडी अकरा किलोमीटर. आठ डांबरी, शेवटचे तीन मातीचे. नाक्यावर एक दुकान, एक बंद पडलेला टेलिफोन आणि गुरांच्या डॉक्टरांचं घर. पुढे वाडीपर्यंत फोन नाही, आणि त्या काळी खिशातल्या मोबाइलला ठाण्याच्या पुढे काही सुचत नसे.

काशिनाथच्या अंगणात गेलो तर त्याची बायको, पारूवहिनी, एका म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. पाहुण्याला पाणी नंतर मिळालं. आधी म्हशीची ओळख झाली. नाव चांदी. रंग अर्थातच काळा. वहिनीच्या भावाने रेडकू असताना आणून दिलेली. दोन वर्षं गाभ राहत नव्हता, राहिला तर टिकत नव्हता. आता दिवस भरत आले होते. वाडीतले शहाणे मधे म्हणायला लागले होते, "भाकड जनावर हाय, बाजार दाखवा." वहिनीने त्यांना बाजाराऐवजी दरवाजा दाखवला होता.

"या वेताला नाय झालं तर?" मी जेवताना काशिनाथला हळूच विचारलं.

"नाय झालं तर घरात कोन ठेवू देईल?" तो आणखी हळू म्हणाला. "मी बी लोकांना किती थोपवू? पन ती गेली तर ही अन्न सोडंल."

ताटात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. आमच्या घरी भाकरी म्हणजे मोजून दोन. इथे "पुरे" या शब्दाला काही किंमतच नाही. मी पुरे म्हणालो की वहिनी भाकरी वाढायची आणि "शहरातली मानसं लाजत्यात" म्हणायची.

मी उद्या पहाटे पळणार हे ऐकून तिने चुलीपुढून मान वळवली. "कशापाठी?"

"कशापाठी म्हणजे?"

"मानूस कशाच्या तरी पाठी पळतो नायतर त्याच्या पाठी काय तरी असतं. तुमचं कंचं?"

मी हृदय, रक्तवाहिन्या आणि चरबी यांवर दहा मिनिटं बोललो. ती सगळं ऐकून म्हणाली, "मंजे कायच नाय."

रविवार

पहाटे निघालो. हाफ पँट, बनियन, पांढरे बूट. हवा अशी की पायच म्हणाले पळूया. मातीचा रस्ता संपून डांबर लागलं, मोहाच्या फुलांचा गोडसर वास आला, आणि मागून भोंगा वाजला. गणपत दूधवाला. स्कूटरला दोन्हीकडे कॅन. त्याने स्कूटर माझ्यापुढे आडवी घातली.

"बसा."

"नको. मी पळतोय."

"दिसतंय. म्हनून तर म्हनतो, बसा."

"अहो, मी व्यायामाला पळतोय."

"आसू दे, आसू दे," तो म्हणाला, जणू मी काहीतरी लाजिरवाणं कबूल केलं होतं. "काशिनाथचं पाव्हणं ना तुमी? त्याला काय वाटंल, गणपत पुढून गेला न् पाव्हण्याला पळवलं?"

मी बसलो. दोन कॅनच्या मधे, गुडघे कानाशी घेऊन. एका वळणावर उतरलो, तो दिसेनासा होईपर्यंत थांबलो आणि पुन्हा पळायला लागलो. मग जीप आली. जीपमध्ये सोळा माणसं होती. ड्रायव्हरने सतराव्याला जागा केली. जीपवाल्याला नकार दिला तर आतल्या एका बाईने माझा दंडच धरला, "अवो चढा, लाजता कशाला?" तिथून सुटलो तर बैलगाडी. बैलगाडी! माझ्यापेक्षा हळू चाललेली! गाडीवान म्हातारा म्हणाला, "बस रं बाबा, पोचशील." कुठे पोचशील? मला कुठेच पोचायचं नव्हतं हो!

त्या तिरीमिरीत मी परत फिरलो आणि उतारावर धूर पाहिला. शेताच्या एका तुकड्यात पालापाचोळा पेटला होता, ज्वाळा चढत होत्या आणि बाजूला जंगल! मी "आग! आग!" ओरडत बांध ओलांडला, निरगुडीची फांदी मोडली आणि झोडपायला लागलो. मोठ्या शौर्याने अर्धी आग विझवली. पलीकडच्या बांधावर एक बाई आणि तिचा नवरा बसले होते. ते इतका वेळ माझ्याकडे बघत का राहिले, देव जाणे. शेवटी बाई म्हणाली, "अवो, इजवता कशाला? राब हाय तो."

राब म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं ती जमीन आधी पाला, शेण, गवत पसरून भाजून घेतात. त्या बिचाऱ्यांनी चार दिवस खपून ते रचलं होतं. मी माफी मागितली. नवरा म्हणाला, "आसू दे. पाव्हण्याला म्हाईत नसतं." आणि उठून त्याने पुन्हा काडी लावली. या "आसू दे" चा मला दुपारपर्यंत भयंकर संताप आला होता. माणसाने निदान शिवी तरी द्यावी!

तर दुपारी मी पेट्रोलला नाक्यावर गेलो तेव्हा हा सगळा संताप माझ्या पोटात होता. दुकानदार बाटलीतून पेट्रोल टाकीत ओतत होता. बाकावर गणपत आणि जीपवाला चहा पीत होते.

"काय पाव्हणं," जीपवाला म्हणाला, "सकाळी लई चाललात. पाय दाबून घ्या."

आणि मी फुटलो. "ऐका," मी म्हणालो, "एक माणूस स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या खुशीने पळतोय, तर तुमच्या काय पोटात दुखतं? मी लंगडा आहे? म्हातारा आहे? उद्यापासून माझ्यापुढे कुणी गाडी थांबवायची नाही! मी ओरडलो, हात केला, रडलो, तरी थांबायचं नाही!"

दुकानदाराने हळूच विचारलं, "ऑइल किती टाकू?"

"नको!" मी म्हणालो. "मला तुमचं काही नको!"

किक मारली आणि पहिल्या किकेला गाडी सुरू झाली. ऐटीत निघालो. टाकीच्या तळाशी उरलेल्या जुन्या मिश्रणाने मला वाडीपर्यंत आणलं, म्हणून मला काहीच कळलं नाही.

संध्याकाळी काशिनाथ खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, चुकलं आमचं. मी गणपतला सांगितलंय, सगळीकडं सांग: आमच्या पाव्हण्याला कोनी गाडीवर घेऊ नका, त्याला राग येतो." गणपत रोज सात वाड्यांतून दूध गोळा करतो. त्याला सांगितलं की तालुक्याला सांगितलं. मला फार बरं वाटलं. रात्री मी चौथी भाकरीही खाल्ली.

सोमवार

पहाटे बुटाची नाडी बांधत होतो, तर गोठ्यातून वहिनीची हाक आली. तसा आवाज मी दोन दिवसांत ऐकला नव्हता.

चांदी आडवी पडली होती. रेडकाचा एक पाय बाहेर दिसत होता. एकच. डोकं नाही, दुसरा पाय नाही. वाडीतली जाणती म्हातारी शेजारी बसली होती, तिने हात पुसले आणि मान हलवली. "पाय आत दुमडलाय. वढला तर दोगं जातील. डाक्टर आना."

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. वहिनीने पाहिलं नाही. ती चांदीच्या कानाशी काहीतरी बोलत होती. वाडीत गाडी एकच होती आणि ती माझी होती.

"पंधरा मिनिटांत नाक्यावर," मी म्हणालो. बनियन-हाफ पँटवरच किक मारली. मातीचा रस्ता, त्यावर चढ, मी मूठ पिळली. गाडी अशी पळत होती की मला तिचा अभिमान वाटला. दीड किलोमीटर गेल्यावर इंजिनातून काचेवर नखं ओढल्यासारखा आवाज आला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि मी रस्ता सोडून करवंदीच्या जाळीत गेलो. बाहेर आलो, किक मारली. किक खालीच जाईना. दगडासारखी. मग मला दुकानदाराचा प्रश्न आठवला. ऑइल किती टाकू?

त्या क्षणी मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत. पण त्यातली एकही "आसू दे" नव्हती.

नाका साडेनऊ किलोमीटर. मी पळायला लागलो.

आदल्या दिवशी मी छाती पुढे काढून, श्वास मोजत पळत होतो. त्या सकाळी श्वास कुठे होता ते मला ठाऊक नाही. डांबर लागलं आणि मागून भोंगा वाजला. गणपत! देव पावला! मी रस्त्याच्या मधे उभा राहून दोन्ही हात हलवले, "गणपतराव! थांबा! म्हैस!"

गणपतने स्कूटर कडेने काढली, मोठ्या आदराने मान लववली आणि गेला.

मग जीप. मी अक्षरशः तिच्या मागे पळालो. आतल्या सोळा माणसांनी टाळ्या वाजवल्या. कालचीच ती बाई ओरडली, "शाबास पाव्हणं! पळा पळा!" ड्रायव्हरने वेग वाढवला, मला धूळ लागू नये म्हणून. मग बैलगाडी आली. "बाबा," मी म्हणालो, "बाबा, काशिनाथची म्हैस..." म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असावं. त्याने बैल कडेला घेतले, मला वाट दिली आणि हात जोडले.

आणि मी यांना काय म्हणणार होतो? काल रागावून मीच सांगितलं होतं, रडलो तरी थांबू नका. मी रडतच होतो आणि ते थांबत नव्हते. इतकं शब्दशः माझं म्हणणं माझ्या घरीसुद्धा कुणी कधी पाळलेलं नाही.

सहाव्या किलोमीटरला पोटात कळ आली. सातव्याला डाव्या बुटातला खडा मोठा होत दगड झाला. काढायला थांबलो नाही. डोळ्यांपुढे तो एकटा पाय होता, आणि वहिनी चांदीच्या कानाशी बोलत होती. मला एवढंच कळत होतं की मी चालायला लागलो तर तिकडे काहीतरी संपेल. कशापाठी पळता, असं आता तिने विचारलं असतं तर दहा मिनिटं लागली नसती.

डॉक्टर दात घासत अंगणात उभे होते. मी फाटक धरलं आणि तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं: ओरखडे, रक्त, बनियन. "मी गुरांचा डॉक्टर आहे," ते शांतपणे म्हणाले.

"करंजवाडी," मी म्हणालो. "काशिनाथ. एकच पाय बाहेर."

ब्रश त्यांनी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बॅग उचलली. मोटारसायकलवर पुढे ते, मागे मी. वाटेत गणपत दूध घालून परत येताना दिसला. मला गाडीवर बसलेला पाहून त्याचा चेहरा पडला. डॉक्टरांवर मी आता रागावणार असं वाटून तो मागोमाग आला.

गोठ्यात वहिनी तिथेच होती. चांदीचे डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत साबणाचं पाणी लावलं, हात आत घातला आणि डोळे मिटले. मग ते रेडकाला आत ढकलायला लागले. बाहेर काढायचं तर आत का ढकलतात, हे विचारायचं मी त्या दिवशी टाळलं. आता कुठे मी शिकत होतो. "सापडला," ते म्हणाले. दुसरा पाय सरळ झाला, मग नाक आलं. दोराला काशिनाथ, मी आणि गणपत. "कळ आली की ओढा. हं. आता थांबा. हं."

रेडकू गवतावर आलं आणि हललं नाही. वहिनीने पदराने त्याचं नाक पुसलं, म्हातारीने पाठ चोळली, डॉक्टरांनी मागचे पाय धरून उलटं उचललं. ते शिंकलं. शिंक म्हणजे केवढीशी, पण काशिनाथ भिंतीला टेकून खाली बसला. चांदीने मान वळवली आणि चाटायला लागली. पारडी होती.

"अजून अर्धा तास गेला असता तर नसतं जमलं," डॉक्टर हात धुताना म्हणाले.

वहिनी माझ्याकडे वळली. माझे गुडघे, माझा बूट बघितला. मला वाटलं आता काही चांगलं बोलणार. ती म्हणाली, "गाडी नेली व्हती ना तुमी?"

मी खरं ते सांगितलं. ऑइलसकट. गोठ्यात हसायला पहिली लागली ती म्हातारी. गणपतला मात्र हसू येईना. "पन भाऊ, तुमी सांगायचं तरी!"

"मी ओरडत होतो, गणपतराव! म्हैस म्हैस ओरडत होतो!"

"आमाला वाटलं," तो म्हणाला, "पळताना तसं म्हनत आसतील."

माझी मोटारसायकल दुपारी भाताच्या पेंढ्याबरोबर टेंपोतून मुरबाडला गेली, आणि तिच्याशेजारी पेंढ्यावर मी. मांडीवर वहिनीने दिलेला डबा होता. आत चांदीच्या पहिल्या चिकाचा खरवस. "पुरे" मी म्हणालो नाही.

मग मी दर वर्षी करंजवाडीला जायला लागलो. गाडी विकली, पळणं ठेवलं. पण तिथे मला निवांत पळायला मिळालेलं नाही ते नाहीच. मी पांढरे बूट घालून रस्त्याला लागलो की बांधावरून बाया उभ्या राहतात, "कुनाची आडली वो?" राब भाजणारे काडी टाकून विचारतात. एकदा तर दोघे जण दोर घेऊन माझ्यामागे पळत आले. कितीदा सांगितलं की कुणाची नाही, मी हृदयासाठी पळतोय. कोण ऐकतो? आसनगाव परवडलं!

गेल्या खेपेला समोरून डॉक्टरच आले. मला पाहताच त्यांनी मोटारसायकल वळवली, बॅग पुढे टाकीवर घेतली आणि मागची सीट हाताने झटकली.

"कुठली वाडी?"

"कुठलीच नाही हो," मी ओरडलो. "कुणीही अडलेलं नाही!"

"मग पळताय कशापाठी?"

मी तोंड उघडलं. हृदय, रक्तवाहिन्या, चरबी, सगळं तयार होतं. समोर चढ होता, इंजिन सुरू होतं आणि डॉक्टर माझ्याकडे काळजीने बघत होते.

"करंजवाडी," मी म्हणालो, आणि मागे बसलो.